सायकोसिसचा धोका आधी ओळखता येतो का? रक्त, जनुकं आणि मेंदूतल्या खुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईवडील, भावंडं, लग्न ठरलेली मुलं-मुली आणि कधीकधी स्वतः शुभार्थी (म्हणजे ज्यांना मानसिक आजार आहे ते) आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका. तो निर्णय तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांसोबत बसूनच घ्या.

१. सायकोसिस आणि स्किझोफ्रेनिया एकच का?

नाही. सायकोसिस ही अवस्था आहे, स्किझोफ्रेनिया हा एक आजार. इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री वाटणं, बोलण्याचा धागा सुटणं, ही तिची मुख्य लक्षणं. ही अवस्था स्किझोफ्रेनियात येते. तीव्र बायपोलरमध्ये (म्हणजे मनःस्थिती अतिउत्साह आणि नैराश्य यांत झुलते त्या आजारात), तीव्र नैराश्यात, गांजासारख्या नशेत, बाळंतपणानंतर आणि मेंदूच्या काही आजारांतही ती येते. संशोधन स्किझोफ्रेनियावर सगळ्यात जास्त झालं आहे, म्हणून खालचे बरेचसे आकडे त्याचे आहेत.

२. बायोमार्कर म्हणजे नेमकं काय?

शरीरात मोजता येणारी अशी खूण, जिच्यावरून आजाराबद्दल काही सांगता येतं. मधुमेहात रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी असतं तसं. पण खुणांचेही प्रकार आहेत. आजार आता आहे का हे सांगणारी खूण वेगळी, पुढे होण्याचा धोका सांगणारी वेगळी आणि कोणतं औषध सोसेल हे सांगणारी आणखी वेगळी. बातम्यांमध्ये या तिन्हींची सरमिसळ होते, आणि लोकांच्या अर्ध्या शंका तिथूनच निघतात.

३. मुलाला हा आजार होणार की नाही, हे सांगणारी एखादी रक्ताची चाचणी किंवा एमआरआय आहे का?

आज अशी एकही चाचणी नाही, मुंबईतही नाही आणि अमेरिकेतही नाही. स्किझोफ्रेनियाचं निदान आजही बोलण्यातून, घरच्यांनी दिलेल्या माहितीतून आणि काही काळ लक्ष ठेवून होतं. २०१० मध्ये अमेरिकेत ५१ प्रथिनं मोजून निदानाला मदत करणारी एक रक्तचाचणी बाजारात आली होती. काही वर्षांतच ती मागे घेतली गेली. त्यामुळे कुणी हजारो रुपये घेऊन ‘सायकोसिस रिस्क पॅनेल’ देऊ केलं, तर ते पैसे चांगल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या फीसाठी ठेवा, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

४. एखादी चाचणी ९० टक्के अचूक असेल, तर सगळ्या कॉलेजच्या मुलांची का करू नये?

हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हिशेब मांडूनच उत्तर देतो.

समजा चाचणी इतकी चांगली आहे की आजार होणाऱ्या १०० पैकी ९० जणांना ती पकडते आणि आजार न होणाऱ्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडते. स्किझोफ्रेनिया आयुष्यभरात साधारण १ टक्का लोकांना होतो. १,००० मुलांची चाचणी केली, तर त्यांतल्या सुमारे १० जणांना पुढे आजार होणार. चाचणी त्यांतल्या ९ जणांना पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी मुलांपैकी १० टक्के, म्हणजे ९९ जणांनाही ती ‘पॉझिटिव्ह’ ठरवेल. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यांत खरे ९. म्हणजे बारातल्या अकरा मुलांच्या डोक्यावर ही भीती उगाच बसणार. ज्या समाजात एवढ्या शिक्क्यावरून स्थळं मोडतात, तिथे त्या अकरा घरांचं काय होईल याची कल्पना करा.

आता तीच चाचणी, ज्यांना आधीच सौम्य लक्षणं दिसताहेत अशा १,००० तरुणांमध्ये करून पाहू. या गटात दोन वर्षांत साधारण २० टक्क्यांना सायकोसिस होतो (प्रश्न १२ पाहा). २०० पैकी १८० पकडले जातील, ८०० पैकी ८० चुकीने अडकतील. २६० पॉझिटिव्हपैकी १८० खरे, म्हणजे दोन-तृतीयांशांहून जास्त. चाचणी तीच, पण कुणाची केली यावरून तिची किंमत बदलली. म्हणूनच सध्याचं बहुतेक संशोधन लक्षणं दिसू लागलेल्या तरुणांवर चालतं. आणि ९० टक्के हा आकडा मी हिशेबासाठी धरला आहे. नेहमीच्या वापरात एवढी भरवशाची खूण अजून कुणाच्याही हातात नाही.

५. मग डॉक्टरांनी माझ्या मुलीला एवढ्या रक्ततपासण्या आणि एमआरआय कशाला लिहून दिले?

सायकोसिससारखीच लक्षणं देणारे दुसरे आजार नाहीत ना, हे पाहायला. थायरॉइड, बी१२ ची कमतरता, एचआयव्ही, सिफिलिस, फिट्सचे आजार, मेंदूतली गाठ, तरुण वयात हात थरथरत असतील तर तांबं साठण्याचा विल्सन्स आजार, अशी ती यादी असते. या तपासण्या जरूर करा. अनावश्यक चाचण्यांबद्दल मी वर जे लिहिलं, ते यांना लागू नाही.

यातल्या एका आजाराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. २००७ मध्ये डॉ. जोसेप डालमाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका सुजेचं मूळ शोधलं. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे पेशींमधले संदेश झेलणाऱ्या एका प्रथिनावर, हल्ला करते. हा आजार बहुतेकदा तरुण मुलींना होतो, आणि काहींच्या बीजांडकोशात गाठ सापडते. सुरुवात हुबेहूब सायकोसिससारखी असते. संशय यायला हवा तो वेगामुळे. चांगली असलेली मुलगी काही दिवसांत किंवा आठवड्यांत पार बदलते. ताप येऊन गेलेला असतो, फिट येते, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, बोलणं बंद पडतं, मानसोपचाराचं औषध देताच अंग फार कडक होतं. असं दिसलं, तर रक्ताची आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची अँटिबॉडी तपासणी करावी लागेल का, हे न्यूरॉलॉजिस्टना स्वतःहून विचारा. वेळेत उपचार झाले, तर यातले बहुतांश रुग्ण सुधारतात. बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे घालवलेले आठवडे इथे खरोखर जिवावर बेतू शकतात.

६. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता घरचे म्हणतात, तो नाटक करतोय. खरं काय?

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ इतकाच की प्रश्न ५ मधले दुसरे आजार सापडले नाहीत. आवाज ऐकू येतात हे त्याने सांगितलं असेल, तर ते त्याला ऐकू येतातच. स्किझोफ्रेनियात नेहमीचा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. रिपोर्ट हातात घेऊन त्याला खोटं पाडू नका. तो पुढचं सांगणं थांबवेल, आणि डॉक्टरांना लागणारी सगळ्यात मोलाची माहिती तिथेच बंद होईल.

७. माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. मला होण्याची शक्यता किती?

आई, वडील किंवा सख्खं भावंड यांपैकी एकाला असेल, तर सुमारे १० टक्के. आजी-आजोबा, मामा, काका, आत्या, मावशी यांच्यापैकी कुणाला असेल, तर साधारण ३ ते ४ टक्के. दोन्ही पालकांना असेल, तर ४० टक्क्यांच्या आसपास. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, तरी एकाला असताना दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी भरतं.

म्हणजे तुमचा धोका इतरांच्या दहापट आहे हे खरं, आणि तुम्हाला हा आजार न होण्याची शक्यता ९० टक्के आहे हेही तितकंच खरं. पत्रं लिहिणारे बहुतेक जण पहिला आकडा वाचून झोप घालवतात. दुसराही वाचा. वय हाही हिशेबाचा भाग आहे. पुरुषांत हा आजार बहुधा अठरा ते पंचविशीच्या आसपास सुरू होतो. बायकांत थोडा उशिरा, आणि काहींना चाळिशीनंतर. तुम्ही पस्तिशीचे पुरुष असाल, तर धोक्याचा मोठा काळ मागे पडला आहे.

८. आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता. मग मुलाला कुठून आला? सून म्हणते सासरचं, सासू म्हणते माहेरचं.

ज्यांना स्किझोफ्रेनिया होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो नसतो. धोका वाढवणारे जनुकीय फरक शेकड्यांनी आहेत आणि ते आपल्या सगळ्यांत थोडेथोडे असतात. दोन्ही बाजूंकडून कोणते फरक एकत्र आले, गर्भारपणात आणि बाळंतपणात काय घडलं, पुढे कोणते ताण आले, या सगळ्यातून धोका ठरतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. चीनमधल्या १९५९-६१ च्या दुष्काळानंतरही तसंच दिसलं. त्या आयांनी काय चूक केली होती? माहेर-सासरचा हा वाद विज्ञानाच्या आधारावर सोडवता येत नाही, आणि मुलासमोर तर तो मुळीच घालू नका.

९. जनुकं सापडली आहेत म्हणतात. लाळेची जनुकीय चाचणी ऑनलाइन मागवू का?

नको. एक अपवाद आहे, तो प्रश्न १० मध्ये दिला आहे.

२०२२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ७६ हजारांवर रुग्ण आणि २ लाख ४३ हजारांवर इतर लोक यांची तुलना करून जनुकसंचातल्या २८७ जागांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध दाखवला. काम फार मोठं आहे. औषधांच्या नव्या वाटा त्यातून निघतील, असं मला मनापासून वाटतं. त्याआधी २०१६ मध्ये सी४ या जनुकाचा एक धागा सापडला. किशोरवयात मेंदू आपल्या पेशींमधले नको असलेले जोड छाटत असतो. सी४ चे काही प्रकार ही छाटणी जास्त करत असावेत, असं त्यातून दिसतं. आजार नेमका याच वयात का सुरू होतो, याचं उत्तर इथे मिळू शकेल.

पण एका माणसापुरतं बोलायचं तर प्रत्येक फरकाचा वाटा कणभर असतो. ते सगळे जोडून जो एकत्रित गुण काढतात, त्यातून आजाराकडे असलेल्या कलातला जेमतेम ७ टक्के फरक समजतो. शिवाय हे गुण मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहेत. आपल्यासारख्यांमध्ये ते आणखी कमी चालतात. भारतीयांवर वेगळं काम झालं पाहिजे, ते याचसाठी. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या चेन्नईच्या स्कार्फ संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात नायसिनच्या, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराच्या, चयापचयाशी जोडलेलं जनुक पुढे आलं. याचा अर्थ नायसिनच्या गोळ्या सुरू कराव्यात असा होत नाही. काही जणांनी तसं विचारलं होतं, म्हणून लिहितो.

१०. मग कोणाची जनुकीय चाचणी खरंच करावी?

२२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा नसणं, म्हणजे २२क्यू११.२ डिलीशन, ही आज माहीत असलेल्या सगळ्यात ठळक जनुकीय खुणांपैकी एक आहे. असा तुकडा नसलेल्यांपैकी साधारण चौघांतल्या एकाला मोठेपणी स्किझोफ्रेनिया होतो. सगळ्या स्किझोफ्रेनिया रुग्णांत मात्र अशांचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे, म्हणून सरसकट तपासणीचा उपयोग नाही.

पुढीलपैकी एकापेक्षा जास्त गोष्टी असतील, तर डॉक्टरांकडे विषय काढा: जन्मतः हृदयाचा दोष, टाळूत फट किंवा लहानपणापासून नाकात बोलणं, रक्तात कॅल्शियम कमी राहणं, वारंवार जंतुसंसर्ग, शिकण्यात अडचणी. खूण सापडली, तर कॅल्शियम आणि हृदय यांवर लक्ष ठेवता येतं आणि पुढच्या अपत्याबद्दल समुपदेशन मिळतं. चाचणीच्या आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलायला मिळेल, अशाच ठिकाणी ती करा.

११. मेंदूत काहीच दिसत नाही, असं कसं? संशोधनात तर फोटो छापून येतात.

दिसतं, पण ते गटाच्या सरासरीत. मेलबर्नच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की धोक्यातल्या ज्या तरुणांना पुढे सायकोसिस झाला, त्यांच्या मेंदूच्या काही भागांतला करडा थर इतरांपेक्षा कमी होता आणि पुढे आणखी घटत गेला. २०२१ मध्ये जगभरातल्या तीसेक केंद्रांचे स्कॅन एकत्र केल्यावरही मेंदूची साल सरासरीने थोडी पातळ आढळली. लंडनमध्ये २००९ मध्ये पेट स्कॅनमधून, धोक्यातल्या लोकांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन जास्त तयार होतं, असं दिसलं.

मला स्वतःला सगळ्यात आशादायक वाटते ती ईईजीमधली, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखातली, एक खूण. फिनलंडचे रिस्टो नातानेन यांनी १९७८ मध्ये ती पहिल्यांदा वर्णिली. कानात एकसारखा ‘टिक, टिक, टिक’ आवाज चालू असताना मध्येच वेगळा ‘टुक’ आला की मेंदू, आपलं लक्ष नसलं तरी, क्षणात दखल घेतो. स्किझोफ्रेनियात ही दखल क्षीण असते. पुढे सायकोसिस झालेल्या तरुणांतही ती आधीपासून क्षीण असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं. ईईजी स्वस्त आहे, जिल्ह्याच्या गावातही होतो.

अडचण एकच. हे आकडे आजारी आणि निरोगी लोकांत एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाचा स्कॅन समोर ठेवून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. खासगी केंद्रातून ‘ब्रेन मॅपिंग’ करून कुणी भविष्य सांगत असेल, तर प्रश्न ३ चं उत्तर त्यालाही लागू आहे.

१२. डॉक्टर म्हणाले मुलगा ‘हाय रिस्क’ आहे. म्हणजे आजार सुरू झाला का?

नाही. ही कल्पना १९९० च्या दशकात मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग आणि सहकाऱ्यांनी रुजवली. सौम्य किंवा थोडा वेळ टिकणारी लक्षणं असणं, किंवा जवळच्या नात्यात आजार असून शिक्षण-काम-मैत्री यांत अलीकडे मोठी घसरण होणं, असे तिचे निकष आहेत. मदत मागायला आलेल्या अशा तरुणांपैकी साधारण पाचातल्या एकाला दोन वर्षांत सायकोसिस होतो, दहा वर्षांत सुमारे तिघांतल्या एकाला. म्हणजे बहुतेकांना होत नाही. मात्र त्यांतल्या पुष्कळांना चिंता आणि नैराश्य असतं, आणि त्यावर उपचार लागतात.

‘नुसतं एकलकोंडा झालाय’ एवढ्यावर हा शब्द वापरता येत नाही. बारावीच्या वर्षात अर्धी मुलं तशी वागतात.

१३. हाय रिस्क असेल तर आत्ताच औषध सुरू केलं तर टळेल का?

सायकोसिसची औषधं या टप्प्यावर पहिला उपाय म्हणून देत नाहीत, कारण ज्यांना आजार होणारच नव्हता त्यांनाही वजनवाढ आणि सुस्ती सोसावी लागते. पहिली पायरी म्हणजे विचार-वर्तन उपचार, कुटुंबाशी बोलणं, झोप, नशा बंद करणं आणि नियमित भेटी. ओमेगा-३ कॅप्सूलबद्दल फार विचारतात. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या ८१ तरुणांच्या अभ्यासात त्यांचा मोठा फायदा दिसला होता. ३०४ तरुणांवर तोच प्रयोग पुन्हा केल्यावर फायदा दिसला नाही.

भास किंवा संशय रोज येऊ लागले, तर मात्र वाट पाहू नका. उपचाराविना जितका जास्त काळ जातो, तितकी सुधारणा अवघड होते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

१४. गांजाने सायकोसिस होतो का, की ज्याला व्हायचाच होता त्यालाच होतो?

दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खरं आहे. जनुकीय कल असलेले लोक गांजाकडे किंचित जास्त वळतात. पण तेवढ्याने सगळा संबंध उलगडत नाही. २०१९ मध्ये युरोपातल्या शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेल्या अभ्यासात, रोज गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आणि रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत जवळपास पाचपट होतं. प्रश्न ७ मधली कुणी व्यक्ती तुमच्या घरात असेल, तर गांजापासून लांब राहणं ही तुमच्या हातातली मोठी गोष्ट आहे. परदेशात, जिथे तो कायदेशीर दुकानात मिळतो, तिथे शिकायला जाणाऱ्या मुलांना हे जाण्याआधीच सांगा.

१५. सीआरपी वाढलंय. ही सायकोसिसची खूण आहे का?

नाही. सीआरपी हे शरीरात कुठेही सूज असल्याचं सांगणारं रक्तातलं प्रथिन आहे, ते दाढ सुजल्यावरही वाढतं. ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात, नवव्या वर्षी आयएल-६ हा सुजेशी संबंधित पदार्थ जास्त असलेल्यांत अठराव्या वर्षी सायकोसिसचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं होतं. कारण शोधायला हे उपयोगी आहे. तुमच्या मुलाच्या रिपोर्टमधल्या एका आकड्याचा त्यावरून अर्थ लावता येत नाही.

१६. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून एआय सांगतं म्हणे?

२०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या एका गटाने धोक्यातल्या ३४ तरुणांच्या बोलण्याचं संगणकाने विश्लेषण केलं आणि कुणाला सायकोसिस होईल हे शंभर टक्के बरोबर ओळखलं. बातमी जगभर गाजली. पण त्या ३४ पैकी सायकोसिस झाला फक्त पाच जणांना. इतक्या लहान गटात जमलेलं गणित मोठ्या गटात तसंच टिकत नाही. शिवाय ते इंग्रजीवर होतं. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या, वाक्यावाक्यात हिंदी मिसळणाऱ्या मुलाला ते जसंच्या तसं लावता येणार नाही.

१७. लग्न ठरतंय. मुलाच्या मावशीला हा आजार होता. चाचणी करून घ्यावी का?

चाचणी करून काही कळणार नाही (प्रश्न ३ आणि ९). मावशीला असल्याने धोका ३-४ टक्क्यांच्या आसपास आहे. एवढ्यावर स्थळ नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. मावशीचं नाव घेऊन पत्रिकेसारखा जनुकीय रिपोर्ट मागणं तर त्याहून वाईट. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. ज्याला स्वतःला आजार आहे, त्याने मात्र जोडीदाराला लग्नाआधी मोकळेपणाने सांगावं. लपवून ठेवलेली गोळी पहिल्या महिन्यात बंद होते आणि आजार उलटतो, असं आम्हाला लिहिणाऱ्या घरांत पुन्हा पुन्हा घडलं आहे.

१८. बाळंतपणानंतरच्या सायकोसिसचा धोका तरी आधी कळतो का?

इथे उत्तर बरंचसं ‘हो’ आहे, आणि ते प्रयोगशाळेतून येत नाही. हजारात एक-दोन बाळंतिणींना हा त्रास होतो. पण आधी बायपोलर असेल, किंवा मागच्या बाळंतपणात असंच झालं असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. प्रसूतितज्ज्ञांना हे गर्भारपणातच सांगा, म्हणजे औषधं आणि पहिल्या आठवड्यांतली झोप यांचं नियोजन करता येतं. बाळंतीण तीन-चार रात्री झोपलीच नाही, बरळू लागली, तर ती तातडीची वेळ समजा.

१९. मानसोपचारात खरोखर वापरली जाणारी एकही जैविक खूण नाही का?

आहे, पण औषधांच्या बाबतीत. मूड स्थिर ठेवायला कार्बामाझेपिन देतात. एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना त्याने त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. तो आशियाई लोकांत जास्त आढळतो, म्हणून औषधाआधी चाचणीचा विचार करतात. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर असलेल्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठरलेल्या दिवशी मोजाव्याच लागतात. ही तपासणी चुकवू नका, बरं वाटत असलं तरी.

२०. एका संस्थेने संशोधनासाठी आमच्या सगळ्या कुटुंबाचं रक्त मागितलं आहे. द्यावं का?

द्यावं, असं मला वाटतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी कुटुंबांच्या मदतीनेच असं काम चालतं, आणि आपली माणसं त्यात नसतील तर प्रश्न ९ मधली उणीव तशीच राहील. सही करण्याआधी चार गोष्टी विचारा: नैतिक समितीची मंजुरी आहे का, नमुन्यावर नाव असेल की सांकेतिक क्रमांक, तुमचा वैयक्तिक निकाल तुम्हाला कळवला जाईल का, आणि मध्येच माघार घेता येईल का. संमतिपत्र मराठीत मागा. शुभार्थीला समजावून सांगून त्याची स्वतःची सही घ्यायला सांगा. पैसे द्यावे लागत असतील, तर ते संशोधन समजू नका.